चूलबंद नाताळ

एरंडोलला आम्ही राहायचो ते घर गल्लीच्या टोकाला होतं आणि त्याच्या अंगावरून कापसाच्या गाड्यांची वाट जायची. मार्गशीर्ष लागला की गाड्या सुरू व्हायच्या. सकाळी अंजनी नदीवरून धुकं उठायचं, त्यातून आधी घुंगरांचा आवाज यायचा, मग बैलांची शिंगं दिसायची, मग गाडी. कापूस इतका ठासून भरलेला असायचा की वाटेवरच्या बाभळी दोन्ही बाजूंनी आपापला वाटा काढून घ्यायच्या. गाड्या गेल्या की काट्याकाट्यावर पांढरे पुंजके राहायचे. माझ्या सासूबाई शाल पांघरून अंगणात उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "बघ, बर्फ पडलाय."

बर्फ त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. धुळ्याच्या मिशन कंपाउंडात गोऱ्या मडमांना नाताळाची रंगीत कार्डं यायची, त्यांच्यावर पाहिला होता तेवढाच. माझे सासरे तिथल्या शाळेत मास्तर होते. ते गेले, क्वार्टर सोडावं लागलं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी हे जाऊन आईला घेऊन आले. हे, म्हणजे माझे यजमान, एरंडोलच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या गल्लीत काय, आसपासच्या दोन-चार गल्ल्यांत मिळून ख्रिस्ती घर आमचं एकच.

सासूबाई आल्या त्या पाहुणीसारख्या राहू लागल्या. माठातलं पाणी घेतानासुद्धा "घेऊ का गं?" म्हणून विचारायच्या. बोलायच्या गोड, पण डोळे लांब कुठेतरी असायचे. दिवाळी झाली आणि एके दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "मी नाताळाला धुळ्याला जाते. बहिणीच्या खोलीत जागा आहे. आता तिकडेच राहीन म्हणते."

मला ते नको होतं. सुनेने सासू जाते म्हटल्यावर रडावं ही काही जगरहाटी नव्हे, पण माझं तसं झालं. माझी आई मला आठवतसुद्धा नाही. मी वाढले बोर्डिंगात, जिथे दार उघडून आत गेलं तर हजेरी घेणारं माणूस असतं, वाट पाहणारं नसतं. नळावरून घागर घेऊन आत आले की "आलीस का?" म्हणून विचारणारा आवाज मला लग्नानंतर पाच वर्षांनी, या बाईंच्या रूपाने मिळाला होता. तो आवाज धुळ्याच्या मोटारीत बसवून द्यायला माझं मन तयार नव्हतं.

"आई, या वर्षी नाताळ इथेच करू," मी म्हटलं.

"इथे? तीन माणसांचा कुठे नाताळ होतो, बाई?"

आणि मग त्या धुळ्याचा नाताळ सांगायला बसायच्या. रोज संध्याकाळी, दिवेलागणीला. कडुलिंबांखाली मांडलेली लांबच्या लांब टेबलं, फांद्यांना टांगलेले कागदी कंदील, पहाटे टाळ-डफ घेऊन दारोदार गात फिरणारी माणसं, पुलावाचा वास, बंगल्याच्या भट्टीतून निघालेला काळाभोर केक, आणि त्याचा नखाएवढा का होईना प्रत्येकाला मिळणारा तुकडा. त्या सांगत राहायच्या, चूल विझत जायची, मला वाटायचं आपल्या अंगणातला शेवगा म्हणजेच तो कडुलिंब आहे आणि आता गाणारे येतील. मग शेजारच्या गोठ्यात म्हैस ओरडायची आणि आम्ही दोघी एरंडोलला परत यायचो.

आम्ही नवराबायकोंनी ठरवलं, नाताळ असा करायचा की आईला धुळं आठवलं तरी रडू येऊ नये. आता हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौसेच्या सामानाला असतं. यांचा पगार सरकारी, म्हणजे वेळेवर आणि बेताचा. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मला बोर्डिंगाने चांगलं शिकवलं होतं, तिथे अंथरूणही आखूडच असायचं. आमच्या तिथल्या स्वयंपाकीणबाई एका कोंबडीच्या रश्शावर सगळं बोर्डिंग जेववायच्या. कोंबडी कुणाच्या वाट्याला गेली हा शोध कधीच लागला नाही.

तेव्हा बेत असा आखत गेलो. आधी बोकडाचं मटण ठरलं. दोन दिवसांनी बोकडाची कोंबडी झाली. पुलावातलं तूप उतरलं आणि तेल चढलं, मग पुलावाचा मसालेभात झाला. केक मात्र मी कमी करू दिला नाही. भट्टी नव्हती, पण मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवायचा आणि झाकणावर निखारे, ही विद्या मला येत होती. पाहुणे म्हणून दवाखान्यातल्या नर्सबाई, त्या एकट्याच होत्या. चौघांचा नाताळ. तिघांपेक्षा एकाने तरी जास्त.

गल्लीला बोलवायचं आमच्या मनातही आलं नाही. त्याचं कारण सांगायला हवं.

समोरच्या घरात आबा राहायचे. वांग्याचे आणि केळीचे मळे, दारात दोन बैलजोड्या, आणि गल्लीत शेवटचा शब्द त्यांचा. त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणायचे. माणसं वाईट नव्हती. दिवाळीत फराळाचं ताट यायचं, संक्रांतीला तिळगूळ यायचा, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंब्याचा रस यायचा. रिकामं भांडं परत द्यायचं नाही म्हणून आम्ही त्यात काहीतरी घालून पाठवायचो, पण ते कोरडं. साखर, पेरू, कधी अंगणातल्या शेवग्याच्या शेंगा. शिजवलेलं काही मी कधी पाठवलं नाही. कुणी मनाई केली नव्हती, मीच मनाई करायची वेळ त्यांच्यावर येऊ दिली नव्हती.

तुळशीचं लग्न झाल्यावर आबांच्या नातीचं लग्न निघालं. न्हावी बोलावणं घेऊन आला आणि आमच्याही दारात उभा राहून म्हणाला, "चूलबंद." आमच्याकडे एका माणसाचं बोलावणं वेगळं आणि चूलबंद वेगळं. चूलबंद म्हणजे त्या दिवशी त्या घरची चूल पेटायची नाही. म्हातारी-कोतारी, लेकरंबाळं, घरी आलेला पाहुणासुद्धा, सगळ्यांनी जेवायला यायचं. त्याहून मोठा मान नाही. आम्ही गेलो. आमची पानं ओसरीच्या कडेला, पंगतीपासून थोडी सुटी मांडलेली होती. आम्हाला वाढणारा पोरगा हात बराच उंच धरून वाढत होता, त्यामुळे वरण पानाबाहेरही पडत होतं. मी मान खाली घालून जेवले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "किती छान जागा दिली आपल्याला. वारा लागत होता."

त्या भोळेपणाने म्हणाल्या की मुद्दाम, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं नाही.

नाताळाला पंधरवडा राहिला असेल. मी दुपारी बाजारातून आले तर "आलीस का?" आधीच ऐकू आलं, आणि आवाजात काहीतरी वेगळं होतं. सासूबाई पाटावर ताठ बसल्या होत्या, डोकं विंचरलेलं, साडी नवी.

"मी गल्लीत सगळ्यांना सांगून आले," त्या म्हणाल्या.

"काय सांगून आलात?"

"नाताळाच्या जेवणाचं. चूलबंद."

माझ्या हातातली पिशवी खाली बसली, तिच्या मागोमाग मीही. "किती घरांना?"

"आता मधली घरं कशी गाळायची? सगळ्यांना. त्यांनी नाही का आपल्याला बोलावलं?"

"मग ते काय म्हणाले?"

"हो म्हणाले की. आबांनी मान हलवली."

"कशी हलवली? उभी की आडवी?"

"हलवली, बाई. मी काय मोजपट्टी घेऊन बसले होते?"

संध्याकाळी हे आले, त्यांना सांगितलं. ते बूट न काढता उंबऱ्यावर बसले. "आले तर पुरवायचं कसं?" ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनीच हळू आवाजात विचारलं, "आणि नाही आले तर?" पहिल्या प्रश्नावर आम्ही पुष्कळ बोललो. दुसरा आला तसे हे खाली वाकून बूट काढू लागले. अंगण झाडून, पाट मांडून, दिवे लावून आई दारात उभी आहे आणि गल्लीतल्या एकेका घरातून चुलीचा धूर निघतो आहे, हे चित्र दोघांच्याही डोळ्यांपुढे होतं. त्यानंतर ती या गल्लीत एक दिवस राहिली नसती. आणि तिला राहा म्हणायला मला तोंड राहिलं नसतं.

इकडे सासूबाईंना मात्र जणू उधाण आलं होतं. पाहुणी कुठल्या कुठे गेली. न विचारता माठ घासला, न विचारता माझं पीठ चाळून टाकलं. सकाळी गाड्या गेल्या की टोपली घेऊन वाटेवर जायच्या आणि बाभळीच्या काट्यांवरचा कापूस वेचून आणायच्या, झाडाला लावायला. धुक्यात त्यांची पांढरी साडी दिसेनाशी व्हायची, मग मधेच हात दिसायचा, मग टोपली. मी दारातून बघत राहायचे. इतकी सुखात असलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती, आणि त्याचीच मला धास्ती वाटायची.

शेवटी मी अक्कांकडे गेले. त्या अंगणात तूर पाखडत होत्या. मी म्हटलं, "अक्का, आमच्या आई बोलून गेल्या खऱ्या, पण त्यांना इकडची रीत ठाऊक नाही. कुणाला अडचण असली तर नका मनावर घेऊ."

अक्कांनी सूप खाली ठेवलं. "अडचण शे ना," त्या सरळ म्हणाल्या. "खोटं कसाले बोलू? आमना म्हातारा कोनाच हातनं खात नही. पन तुन्ही सासू मना दारशी ऊनी, मना हात धरा तिनी, आनि चूलबंद सांगी गयी. आते मी चूल कशी पेटाडू, तूच सांग."

हे मला सुचलंच नव्हतं. मी समजत होते इकडे आड तिकडे विहीर ती आमचीच. चूलबंद सांगितलेल्या घराने चूल पेटवणं म्हणजे सांगणाऱ्याच्या तोंडावर दार लावणं, आणि अक्कांना तेही करवत नव्हतं. आमच्या आईने भोळेपणाने सगळ्या गल्लीलाच कोड्यात टाकलं होतं.

अक्का पुन्हा पाखडू लागल्या. मग पाखडता पाखडताच म्हणाल्या, "भरीत कर. वांगा आमना मयाना शेतस, बठ्ठी पऱ्हाटी आमनी. गल्लीना मानसे भाजतीन. आगले काय विटाय? पुऱ्या तू तय, तेलनं चालस. पानी ज्यानं त्यानं आपलं आनावं."

मी उठले आणि गल्ली ओलांडू लागले. ती ओलांडताना मला इतका संताप आला की कान तापले. आगीला विटाळ नाही. तेलालाही नाही. मग विटाळ उरतो कुणाच्या हाताला, हे कळायला मला गणित नको होतं. पण घर येईपर्यंत माझ्यातली बोर्डिंगची पोर शांतपणे हिशेब मांडून मोकळी झाली होती. त्या दिवसांत वांगी एवढी यायची की बैलही तोंड फिरवायचे. पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या वाळक्या काटक्या, फुकट. कोंबडी नको, मसालेभात नको. कोंबडीच्या पैशांत शेंगदाण्याचं तेल आणि गहू येत होते, सगळ्या गल्लीला पुरतील एवढे. अपमान झाला होता आणि अब्रूही वाचली होती, दोन्ही एकाच बाईच्या हातून, एकाच सुपावर. यावर रागवावं की हसावं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सासूबाईंना मी फक्त एवढंच सांगितलं की भरीत-पुरी करू आणि वांगी आबांच्या मळ्यातली येतील. त्यांचा चेहरा जरा उतरला. धुळ्याचा पुलाव डोळ्यांपुढून गेला असणार. मग म्हणाल्या, "गोठ्यात जन्म घेतलेल्या बाळाला भरताचं वावडं असायचं कारण नाही." आणि लगेच, बोट वर करून, "पण वाढणार मी. भाजू दे कुणालाही, कुटू दे कुणालाही. ज्याचं घर त्याने वाढायचं."

आमच्या हातून वाढणं, नेमकं तेवढं एकच तर अवघड होतं.

नाताळ शुक्रवारी होता. सकाळी आम्ही तिघांनी आणि नर्सबाईंनी घरातच प्रार्थना केली, गाणी म्हटली. यांचा आवाज चांगला होता, सासूबाईंचा थरथरता आणि माझा न बोलण्यासारखा. बाहेर धुकं होतं. शेवग्याच्या फांदीला बाभळीवरचा कापूस लावलेला होता, त्यावर दंव पडून तो भिजून लोंबत होता. सासूबाईंना तो फारच आवडला.

ऊन वर आलं आणि गल्लीतले पाच-सहा पुरुष डोक्यावर पऱ्हाटीचे भारे घेऊन परसात आले. खानदेशात भरीत हे पुरुषांचं काम, बायांनी लांबून नावं ठेवायची. हिरवी, पांढऱ्या रेघांची, हाताएवढी वांगी त्यांनी रचली, वर पऱ्हाटी टाकली आणि पेटवून दिली. काटक्या तडतडल्या. धूर आधी सरळ वर गेला, मग धुक्याला भेटून खाली वाकला आणि सगळ्या परसात पसरला. त्यात माणसं अर्धीच दिसायची, कुणाचं मुंडासं, कुणाचा हात. मग सालं काढून वांगी लाकडी काथवटीत पडली, मुसळांचा ठेका सुरू झाला, हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, कोथिंबीर पडत गेली. मी आणि नर्सबाई आत पुऱ्या तळत होतो. त्या धुराने, वासाने आणि ठेक्याने मला अशी गुंगी आल्यासारखी झाली की क्षणभर मी कुठे आहे ते मला उमजेना. धुळ्याला असं होत असेल का, असं मनात आलं.

दुपारी गल्लीतली दारं एकेक करून उघडली. सगळे आले. प्रत्येकाच्या हातात आपली थाळी, आपला तांब्या, आणि अंगावर धुतलेले कपडे. पोरं कापूस लावलेल्या फांदीखाली जाऊन बसली. एकाही घरातून धूर निघत नव्हता. मी ते दोनदा बघून घेतलं.

पंगत बसली. मधोमध आबा, कारण वडील माणसाने पहिला घास घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी पानाला हात लावत नाही. गल्लीतल्या एका माणसाने भरताचं पातेलं उचललं, तेव्हा सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. तो इतका गांगरला की त्याने सोडूनही दिलं. पांढरी साडी, डोईवर पदर, कमरेला धरलेलं जड पातेलं, अशा त्या चालत थेट आबांसमोर गेल्या आणि वाकल्या.

आबांनी थाळीवर हात ठेवला.

दारात उभे असलेले हे एक पायरी खाली उतरले.

"माले आज उपास शे," आबा म्हणाले.

आबांचा उपास शनिवारी, मारुतीचा. सबंध गल्लीला ठाऊक होतं, आमच्या म्हशीवाल्या शेजाऱ्याच्या म्हशीलाही ठाऊक असेल. आज शुक्रवार होता. उठा आणि जा आपापल्या घरी, असं ओरडायला मी तोंड उघडलं होतं.

सासूबाईंनी पातेलं खाली ठेवलं. "अगोबाई, उपास का?" त्या अगदी सहज म्हणाल्या आणि घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात केळी होती, आतल्या खांबाला टांगलेल्या घडातली. "माझ्या अंगणातून उपाशी तोंडाने कुणी जायचं नाही. फळाला काही हरकत नाही ना?"

आबांनी त्यांच्याकडे बघितलं. मग हात पुढे केला, केळं घेतलं, सोललं आणि खाल्लं. वडील माणसाच्या तोंडात घास गेला होता. शेजारच्या माणसाने आपली थाळी पुढे सरकवली, मग त्याच्या शेजारच्याने, आणि मग सासूबाईंना वाकून वाकून उसंत मिळेना. पातेलं दोनदा भरून आणावं लागलं. केकचे मी इतके बारीक तुकडे केले की बोर्डिंगच्या स्वयंपाकीणबाईंना माझा अभिमान वाटला असता, आणि ते पोरांनी हातावर घेतले, त्यांच्या आयांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

पंगत उठल्यावर सासूबाई ओट्यावर पाय पसरून बसल्या. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. मला राहवलं नाही. "आई, तुम्हाला कळलं ना? आबांचा आज उपास नव्हता."

"शनिवारी असतो त्यांचा," त्या म्हणाल्या. "मी काय आंधळी आहे? समोर तर राहते."

"मग?"

"मग काय? आला, बसला, घरी धूर केला नाही. नाही म्हणतानाही माझं तोंड बघून म्हणाला." त्या हसल्या. "तो दिवसभर खराच उपाशी राहिला असेल बघ आता. घरी जाऊनही जेवता येणार नाही बिचाऱ्याला."

हे खरं होतं. अक्कांनी मला नंतर सांगितलं, म्हातारा त्या दिवशी रात्रीपर्यंत पाण्यावर होता. तोंडातून उपास म्हटला म्हणजे उपास.

मी जीव मुठीत धरून विचारलं, "आणि धुळ्याला कधी निघायचं म्हणता?"

सासूबाईंनी समोरच्या ओट्याकडे बघितलं. "कशी जाऊ? माझ्या दारातून एक पाहुणा न जेवता गेलाय. तो जेवेपर्यंत मला कुठे हलता येत नाही."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग म्हणाल्या की डाव्या पायाला तेल कमी पडलंय.

वर्ष तसं साधंच गेलं. सासूबाई आमच्या ओट्यावर बसायच्या, आबा त्यांच्या ओट्यावर, आणि मधे गल्ली ठेवून दोघं बोलायचे. खोकल्याबद्दल, बियाण्याबद्दल, त्यांच्या नातीला दिवस गेल्याबद्दल. जेवायला आबांनी गल्ली ओलांडली नाही, सासूबाईंनीही नाही. शिजवलेलं काही आम्ही पाठवलं नाही. नाताळ जवळ आला तशा सासूबाई पुन्हा घरोघर गेल्या आणि चूलबंद सांगून आल्या. या वेळी मी विचारलंही नाही की किती घरांना.

मग कॅलेंडर बघून त्यांनीच सुस्कारा टाकला. नाताळ शनिवारी येत होता. "घ्या. आता तर खराच उपास," त्या म्हणाल्या. "केळी आणून ठेव चांगली. मला आणखी एक वर्ष राहावं लागणार दिसतंय."

पंगत बसली. मधोमध आबा. धूर अजून अंगणात रेंगाळत होता. सासूबाईंनी या खेपेला पातेलं घेतलंच नाही, त्या सरळ केळ्यांची फणी घेऊन त्यांच्यापुढे वाकल्या.

"केयं नको, माय," आबा म्हणाले. "भरीत वाढ."

बायांच्या बाजूने अक्कांचा आवाज आला, "आहो, आज शनवार शे ना!"

"माले ठाऊक शे," आबा म्हणाले, आणि थाळीवरचा हात काढून त्यांनी ती पुढे केली.

सासूबाईंनी फणी खाली ठेवली, पातेलं मी आणून धरलं. पण वाढलं त्यांनीच. आबांनी पुरी मोडली, पहिला घास घेतला, आणि मग पंगत जेवायला लागली.